कीर्द आणि शिल्लक : संदेशांच्या प्रवाहाने काय लक्षात ठेवावे?

ऑक्टोबर २००७ मध्ये बेंगळुरूच्या कोरमंगला भागातील एका सदनिकेतून पुस्तके विकणारे एक संकेतस्थळ सुरू झाले. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल हे दोघे दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर, अॅमेझॉनमधली नोकरी सोडून आलेले. संकेतस्थळाचे नाव फ्लिपकार्ट. पहिली मागणी आली ती आजच्या तेलंगणातील महबूबनगरहून, जॉन वुड यांच्या 'लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड' या पुस्तकासाठी. पुस्तक यादीत होते, हातात मात्र नव्हते. शहरातील पुस्तकांची दुकाने पालथी घालून एक प्रत मिळवली गेली आणि मगच ती महबूबनगरकडे रवाना झाली.

ही गोष्ट उद्योजकांच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून अनेकदा सांगितली जाते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र ती वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावी. पडद्यावरची यादी ही वस्तुस्थिती नसते. ती वस्तुस्थितीची एक नक्कल असते. खरे पुस्तक कुठल्या तरी फळीवर असते, त्याचा आकडा कुठल्या तरी वहीत असतो आणि गिऱ्हाइकाला दिसते ती त्या आकड्याची जवळ आणून ठेवलेली प्रत. या जवळच्या प्रतीला संगणकाच्या परिभाषेत कॅशे म्हणतात. रोकड या अर्थाच्या 'कॅश'शी या शब्दाचा संबंध नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'कॅशे साफ करा' असा जो पर्याय दिसतो, तोच हा शब्द. वारंवार लागणारी गोष्ट दर वेळी दूरवरून आणण्यापेक्षा जवळ ठेवावी, एवढीच त्यामागची कल्पना.

कल्पना सोपी असली तरी तिच्यासोबत एक जुने दुखणे येते. मूळ बदलते आणि प्रत शिळी होते. मूळ बदलल्याची वार्ता प्रतीपर्यंत पोहोचवायची, तर मध्ये कोणीतरी निरोप्या हवा. मोठ्या व्यवस्थेत असे शेकडो निरोप सेकंदागणिक निघतात आणि ते योग्य ठिकाणी नेऊन देणारी स्वतंत्र आज्ञावलीच उभी करावी लागते. तिला संदेशवाहक म्हणू. आता प्रश्न असा की, या संदेशवाहकाने स्वतः काय लक्षात ठेवायचे? काहीच नाही? शेवटचा निरोप तेवढा? की आजवर आलेला प्रत्येक निरोप?

मराठी दुकानदारीत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दोन वह्यांत विभागलेले आहे. दिवसभरातील प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने लिहायची ती कीर्द. त्या नोंदी खात्यांवर चढवून, कोणाकडे किती येणे आहे हे सांगणारी ती खतावणी. गिऱ्हाईक दारात उभे असताना शिल्लक विचारली, तर कोणी कीर्द चाळत बसत नाही. खतावणी उघडली की काम होते. पण खतावणी हरवली तर कीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. कीर्द हरवली तर नुसत्या शिलकेवरून व्यवहार पुन्हा उभे करता येत नाहीत. संदेशवाहक आज्ञावल्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन वह्यांतील ओढाताणीचा इतिहास आहे. त्यातील दोन निर्णायक वळणांवर, योगायोगाने, एक जुहूचा मुलगा आणि एक पुण्याची मुलगी उभी आहे.

त्याआधीची परंपरा तारेची. विसाव्या शतकात मोठ्या तारघरांत आलेला निरोप कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटत असे. ऑपरेटर ती फीत फाडून घेई, पत्ता पाही आणि पुढची तार मोकळी झाली की त्या यंत्रात ती घाली. साठवा आणि पुढे पाठवा, हे तत्त्व तेथूनच आले. पुढची वाट तुंबली असेल तर फिती खुंटीला लटकत राहत. ही साठवण होती खरी, पण तिचा हेतू स्मरणाचा नव्हता, प्रतीक्षेचा होता. निरोप पुढे गेला की फितीचे काम संपले. भारतीय तार खात्यात पुढे याच तत्त्वावर चालणाऱ्या संगणकीय यंत्रणा आल्या आणि १५ जुलै २०१३ पासून तारसेवाच बंद झाली. फीत गेली, पण 'पोहोचले की विसरा' ही तिची वृत्ती संगणकीय संदेशवाहकांत दीर्घकाळ टिकून राहिली.

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ चा, मुंबईचा. बालपण जुहूत गेले. अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा अडचण बुद्धीची नव्हती, परकीय चलनाची होती. त्या काळात डॉलर मिळवायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. तिच्यासाठी त्यांनी रिझर्व्ह बँकेत ठाण मांडले आणि ती मिळवली, ही हकीकत त्यांच्या चरित्रात नेहमी येते. विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्या आणि हार्वर्डचे व्यवस्थापन शिक्षण आटोपल्यावर १९८६ मध्ये त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी सुरू केली.

त्यांची मूळ कल्पना यंत्रभागांतून आलेली होती. संगणकाच्या आत प्रक्रियक, स्मृती, डिस्क, पडदा हे सारे भाग एका सामाईक तारांच्या जुडग्यावर बसवलेले असतात. त्या जुडग्याला बस म्हणतात. नवा भाग आणला की तो बसवर खोचायचा; त्याने इतर प्रत्येक भागाशी वेगळी ओळख करून घ्यायची गरज नसते. हीच सोय आज्ञावल्यांना का मिळू नये? या प्रश्नातून 'द इन्फर्मेशन बस' जन्मली, आद्याक्षरांनी टिब.

तिला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले वॉल स्ट्रीटवर. तेव्हाच्या दलालाच्या टेबलावर रॉयटर्सचा एक पडदा, दुसऱ्या पुरवठादाराचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा, अशी भिंतच असे. प्रत्येकाची मांडणी निराळी. एका पडद्यावरचा भाव दुसऱ्यावरच्या गणिताला जोडायचा तर तो डोळ्यांनी वाचून हातांनी टंकायचा. टिबने हे सारे भाव एका जाळ्यावर आणले आणि पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता माहीत असण्याची अटच काढून टाकली. संदेशावर पत्ता नव्हे, विषय लिहायचा. ज्याला त्या विषयात रस असेल त्याने तो उचलायचा. १९९३ मध्ये ब्रायन ओकी, मॅनफ्रेड फ्लूगल, अॅलेक्स सीगल आणि डेल स्कीन यांनी या रचनेवर लिहिलेला शोधनिबंध कार्यप्रणालींच्या तत्त्वांवरील एसीएमच्या प्रतिष्ठित परिषदेत सादर झाला. त्यात शेअर बाजाराबरोबर अर्धवाहक चकत्यांच्या कारखान्याचेही उदाहरण आहे; तेथे विषयाच्या नावातच कारखाना, विभाग, यंत्र आणि मोजमाप ओवलेले असते. दोन दूरची जाळी जोडण्यासाठी मध्ये 'माहिती-मार्गक' बसवायचे आणि पलीकडे ज्याची मागणी आहे तेवढाच विषय त्यांनी पुढे सोडायचा, अशीही सोय त्यात आहे.

आता स्मरणाचा प्रश्न. सकाळी नऊला बसवर आलेला भाव त्या क्षणी ऐकणाऱ्यांनी ऐकला. साडेनऊला एखादा दलाल आपला संगणक सुरू करतो. त्या विषयावर पुढचा व्यवहार दहा वाजता होणार असेल, तर अर्धा तास त्याचा पडदा कोराच राहणार. यावर बाजारभावांच्या व्यवस्थांनी जो उपाय काढला तो खतावणीचा होता. प्रत्येक विषयाचे शेवटचे मूल्य मध्ये एका ठिकाणी जपायचे. नवा श्रोता आला की आधी त्याला ते चित्र द्यायचे आणि मग पुढचे बदल जसे येतील तसे कळवायचे. टिबच्याच कुळातील रॉन्देव्हू या आज्ञावलीसोबत असा चालू मूल्यांचा साठा जोडता येई. दलालाच्या दृष्टीने हे पुरेसे होते. दहा मिनिटांपूर्वीचा भाव त्याच्या लेखी इतिहास होता, आणि इतिहासावर सौदा होत नाही.

रॉयटर्सने १९९४ मध्ये टेकनेक्रॉन सुमारे १२.५ कोटी डॉलरला विकत घेतली. १९९७ मध्ये रणदिव्यांनी हेच तंत्र बाजाराबाहेरच्या उद्योगांत नेण्यासाठी टिबको स्थापन केली. २०११ मध्ये त्यांनी केव्हिन मेनी यांच्यासह लिहिलेल्या 'द टू-सेकंड अॅडव्हांटेज' या पुस्तकाच्या नावातच त्यांचा सारा दृष्टिकोन आहे : योग्य माहितीचा थोडासा अंश दोन सेकंद आधी मिळणे हे सहा महिन्यांनी मिळणाऱ्या सगळ्या माहितीपेक्षा मोलाचे. वॉल स्ट्रीटसाठी हे अगदी खरे आहे. मात्र सहा महिन्यांनी मिळणाऱ्या सगळ्या माहितीचेही मोल असणारे उद्योग त्याच सुमारास वाढू लागले होते.

दरम्यान संदेशवाहकांची दुसरी एक घराणेपरंपरा रांगांची होती. आयबीएमची एमक्यूसिरीज, पुढे अॅक्टिव्हएमक्यू, २००७ मध्ये आलेली रॅबिटएमक्यू. यांत संदेश हरवू नये याची काळजी मोठी. प्रत्येक संदेश रांगेत ठेवायचा, घेणाऱ्याने पोच दिली की काढून टाकायचा. बँकेच्या व्यवहारासाठी हे ठीकच. पण कोणता संदेश कोणाला दिला, कोणाची पोच यायची राहिली, याचा हिशेब संदेशवाहकालाच ठेवावा लागे. घेणारा मंदावला की रांग लांबे, स्मृती भरे आणि निरोप्या स्वतःच दमून बसे. फाडलेल्या फितींचा ढीगच तो.

नेहा नारखेडे पुण्याच्या. धनकवडीतील पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत पीआयसीटी, येथून पदवी. मग जॉर्जिया टेकमधून पदव्युत्तर शिक्षण. पुढे ओरॅकल आणि तेथून लिंक्डइन. तेथे जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर त्यांच्यापुढे जो प्रश्न आला, तो दलालाच्या प्रश्नाच्या बरोबर उलटा होता. सदस्य कोणते पान पाहतो, कशावर टिचकी मारतो, काय शोधतो, यांच्या नोंदींचा लोंढा. हा लोंढा काही विभागांना ताबडतोब हवा होता, उदाहरणार्थ गैरवापर रोखणाऱ्यांना. आणि तोच लोंढा रात्री एकगठ्ठा विश्लेषण करणाऱ्यांनाही हवा होता. एकाला सेकंदात, दुसऱ्याला काही तासांनी. जलद वाचक आणि संथ वाचक एकाच प्रवाहावर.

२०११ मध्ये त्यांनी मांडलेल्या काफ्का या आज्ञावलीचे उत्तर कीर्दीचे होते. संदेश आला की फाइलच्या शेवटी लिहायचा, बस. मधली नोंद खोडायची नाही, जागा बदलायची नाही. कोणी किती वाचले याचा हिशेब संदेशवाहकाने ठेवायचाच नाही. प्रत्येक वाचकाने आपली पृष्ठखूण आपणच सांभाळायची. आज अमुक नोंदीपर्यंत वाचले, उद्या त्यापुढून. वाचकाच्या आज्ञावलीत चूक सापडली तर खूण मागे सरकवून पुन्हा वाचायचे. वाचून झाले म्हणून नोंद पुसली जात नाही. ठरावीक मुदत उलटली की जुनी फाइल आपोआप जाते. त्या शोधनिबंधात ही मुदत साधारणपणे सात दिवसांची दिली आहे.

हे ऐकताच कोणताही अनुभवी अभियंता विचारील : सगळे डिस्कवर लिहायचे आणि डिस्कवरून वाचायचे, मग हे वेगाने कसे चालेल? काफ्काच्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग येथे आहे. या संदेशवाहकाने स्वतःचा कॅशे बांधलाच नाही.

डिस्क मंद असते हा समज अर्धाच खरा आहे. फिरत्या तबकडीवर वाचनशीर्ष एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यात वेळ जातो; एकदा जागा धरली की पुढचे सलग वाचन झपाट्याने होते. काफ्काच्या रचनेचे विवेचन करणाऱ्या दस्तऐवजात दिलेला आकडा बोलका आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या सहा डिस्कच्या संचावर सलग लेखन सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाइट होते. तेच उड्या मारत केले तर सुमारे १०० किलोबाइट. फरक सहा हजार पटींचा. कीर्द ही स्वभावतःच सलग लिहायची आणि सलग वाचायची वही असल्याने तिला वेगवान बाजूच मिळते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. लिनक्ससारखी कार्यप्रणाली संगणकाची रिकामी स्मृती वाया जाऊ देत नाही. नुकत्याच लिहिलेल्या किंवा वाचलेल्या फाइलींची पाने ती तेथे ठेवून देते. हा झाला पेज कॅशे. आता एखाद्या आज्ञावलीने आपल्या पोटात आणखी एक कॅशे बांधला, तर तोच मजकूर दोनदा साठतो. काफ्का जावाच्या आभासी यंत्रावर चालते, आणि तेथे स्मृतीत ठेवलेली प्रत्येक वस्तू आपल्या मूळ मजकुराच्या दुप्पट जागा सहज अडवते. शिवाय नको झालेल्या वस्तू झाडून काढणारी यंत्रणा मधूनमधून काम थांबवते. म्हणून निर्मात्यांनी ठरवले की ही जबाबदारी कार्यप्रणालीवर सोपवावी. ३२ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर २८ ते ३० गिगाबाइट एवढा कॅशे यातून विनासायास मिळतो. आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू केली तरी तो तसाच उबदार राहतो. पोटातला कॅशे असता तर दहा गिगाबाइट भरायलाच दहाएक मिनिटे गेली असती. हा विचार त्यांचा एकट्यांचा नव्हता. डेन्मार्कचे पॉल-हेनिंग कॅम्प यांनी व्हार्निश या आज्ञावलीच्या संदर्भात तो आधीच हिरिरीने मांडला होता आणि काफ्काच्या दस्तऐवजात त्याचा निर्देशही आहे. दुसऱ्याचे ऋण असे उघडपणे मान्य करणे हे तंत्रज्ञानाच्या लेखनात वाटते तितके सर्रास नाही.

तिसरी युक्ती जाळ्यावर पाठवण्याची. फाइलमधला मजकूर पलीकडे धाडायचा, तर नेहमीच्या पद्धतीत तो डिस्कवरून पेज कॅशेत, तेथून आज्ञावलीच्या स्मृतीत, तेथून परत कार्यप्रणालीच्या पाठवणीच्या साठ्यात आणि शेवटी जाळ्याच्या यंत्रभागाकडे असा चार वेळा उतरवला जातो. लिनक्समध्ये 'सेंडफाइल' नावाची आज्ञा आहे. ती दिली की मधल्या दोन नकला वाचतात. निरोप्या पाकीट उघडून पाहतच नाही.

या साऱ्यामुळे बहुतेक वेळा डिस्क वाचावीच लागत नाही. वाचक पाठवणाऱ्याच्या थोडाच मागे असतो. त्याला हवे ते पान नुकतेच लिहिले गेलेले असल्याने अजून स्मृतीतच असते. शोधनिबंधातील तुलनेत २०० बाइटचे एक कोटी संदेश घेतले होते. वाचनाचा वेग काफ्कात सेकंदाला सरासरी २२ हजार संदेश, म्हणजे अॅक्टिव्हएमक्यू आणि रॅबिटएमक्यूच्या चौपटीहून अधिक. प्रत्येक संदेशामागे लागणारा वरखर्च काफ्कात ९ बाइट, अॅक्टिव्हएमक्यूत १४४. लेखनाच्या बाबतीत तर, पन्नास संदेशांचा गठ्ठा करून पाठवल्यास, सेकंदाला चार लाख. या शेवटच्या आकड्याबद्दल सावध राहायला हवे. पाठवणाऱ्याने पोच मिळण्याची वाट पाहायची नाही, या अटीवर तो मिळालेला होता. लेखकांनी ते लपवलेले नाही, उद्धृत करणारे मात्र पुष्कळदा विसरतात. त्या पहिल्या रूपात एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर जपण्याची सोयही नव्हती. डिस्क गेली की न वाचलेले संदेश गेले. ती उणीव पुढे ०.८ या आवृत्तीत भरून निघाली.

लिंक्डइनमध्येच त्या काळी याच प्रश्नाचे दुसरे एक उत्तरही नांदत होते. डेटाबेसमधील प्रत्येक बदल शोधयंत्रणेपर्यंत आणि कॅशेंपर्यंत नेणारी डेटाबस ही व्यवस्था. तिच्या मधल्या ठाण्यात स्मृतीतच एक वर्तुळाकार साठा असे. नवा बदल आला की सर्वांत जुना पुसला जाई. एखादा वाचक इतका मागे पडला की त्याचे पान पुसले गेले, तर त्याला वेगळ्या ठाण्याकडे पाठवले जाई. तेथे बदलांची नोंदवहीही असे आणि आजवरच्या बदलांचे एकत्रित चित्रही. कीर्द आणि खतावणी शेजारी शेजारी. काफ्काइतकी कीर्ती डेटाबसला मिळाली नाही, पण प्रश्नाची दोन्ही अंगे तिच्यात जितकी स्पष्ट दिसतात तितकी अन्यत्र क्वचितच.

काफ्का २०१२ मध्ये अपाची प्रतिष्ठानचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. २०१४ मध्ये तिघांनी मिळून कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली आणि जून २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात उतरली.

त्याच २०१४ साली कोरमंगल्यात या चर्चेला रस्त्यावरचा अर्थ आला. ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' जाहीर केला. लोक तुटून पडले, संकेतस्थळ कोलमडले, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या, वस्तू पाहता पाहता संपल्या. दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना क्षमायाचनेचे पत्र धाडले. सुमारे पाच हजार सर्व्हर उभे केले होते, वीस पट वर्दळीची तयारी होती, पण प्रत्यक्षातली वर्दळ त्याहून खूपच जास्त झाली, असे त्यात म्हटले होते. त्या दिवशीच्या गोंधळाला कारणे अनेक होती; काही व्यापारी, काही तांत्रिक. एक गोष्ट मात्र अशा प्रत्येक दिवशी अटळपणे समोर येते. लाखो लोक एकाच वेळी 'किती शिल्लक?' असे विचारत असतात आणि एवढ्यांना मूळ वहीतून उत्तर देणे शक्य नसते. उत्तर कॅशेतूनच द्यावे लागते. तो कॅशे मूळ वहीपासून काही क्षणांनी मागे असतो, आणि त्या क्षणांत शेवटचा नग दोघांच्या टोपलीत जाऊन पडतो. त्यामुळे पाहताना प्रत चालते, पैसे घेताना मात्र मूळ आकड्यालाच कुलूप लावून विचारावे लागते. हा नियम पाळला तरी, पडद्यावर दिसलेली वस्तू हातची गेल्याचा राग ग्राहकाला यायचा तो येतोच. फ्लिपकार्टने पुढे वारधी नावाचा आपला संदेशवाहक मुक्त स्रोतात ठेवला. तेलुगूत या शब्दाचा अर्थ पूल.

ऑगस्ट २०१४ मध्ये कोरमंगल्यातूनच स्विगीचीही सुरुवात झाली. घरी जेवण आणून देण्याच्या कोणत्याही व्यवस्थेत दोन प्रकारचे प्रवाह वाहतात. दुचाकीवरून येणारा तरुण सोनी वर्ल्ड चौकाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हा पहिला. येथे शेवटचे मूल्य पुरते. तीस सेकंदांपूर्वी तो कुठे होता याची वाट पाहणाऱ्याला फिकीर नसते, आणि मधले चार निरोप गळाले तरी नकाशावरचा ठिपका पुढच्या निरोपाला जागेवर येतो. मागणीची कथा हा दुसरा प्रवाह. मागणी नोंदली, पैसे मिळाले, उपाहारगृहाने स्वीकारली, पदार्थ तयार झाला, हाती दिला. यातला एक निरोप जरी गळाला किंवा क्रम उलटा झाला, तरी कोणाचे तरी पैसे अडकतात; बहुधा ज्याला ते अडकणे सर्वांत कमी परवडते त्याचे. तक्रार आली की शिल्लक दाखवून भागत नाही, कीर्द उघडावी लागते. दलालाचा प्रश्न आणि लिंक्डइनचा प्रश्न, दोन्ही एकाच दुचाकीवर बसून जातात.

२०१४ च्या सुमारास काफ्कानेही हे द्वैत आपल्यात सामावून घेतले. नोंदींना किल्ली दिलेली असेल, तर त्याच किल्लीच्या जुन्या नोंदी हळूहळू गाळून केवळ शेवटची ठेवायची, अशी सोय तिच्यात आली. कीर्दीच्या पोटातून खतावणी निघू लागली. रॉन्देव्हूच्या काळात शेजारी जोडावा लागणारा चालू मूल्यांचा साठा येथे त्याच फाइलींतून तयार होतो.

पेज कॅशेवर सारा भार टाकण्याचा निर्णय मात्र निर्दोष ठरला असे म्हणता येत नाही. कार्यप्रणालीला कोणते पान महत्त्वाचे हे ठाऊक नसते. अलीकडे कोणते हाताळले गेले एवढेच तिला कळते. एखादा विभाग दोन दिवस बंद राहून परत आला आणि जुने सगळे झपाट्याने वाचू लागला, की त्याची पाने स्मृतीत शिरतात आणि जलद वाचकांची ताजी पाने बाहेर ढकलली जातात. एका आळशी वाचकाचा भुर्दंड साऱ्या आळीला. शिवाय पेज कॅशेतला मजकूर डिस्कवर उतरण्यापूर्वी वीज गेली तर तो जातो. काफ्का यावर दुसऱ्या यंत्रांवरील प्रतींचा भरवसा ठेवते, आणि सगळी यंत्रे एकाच खोलीत, एकाच वीजवाहिनीवर असतील तर हा भरवसा कागदावरचाच राहतो. अलीकडच्या आवृत्त्यांत, २०२३ पासून, जुन्या फाइली दूरच्या स्वस्त साठ्यात हलवण्याची सोय आली आहे. ताजे ते स्मृतीत, कालचे डिस्कवर, महिन्यापूर्वीचे दूर. मुदत सात दिवसांवरून वर्षांवर नेणे त्यामुळे आवाक्यात आले.

आणि वर्षानुवर्षे जपलेल्या कीर्दीत माणसे असतात. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चा. आपली माहिती पुसून टाकावी अशी मागणी करण्याचा हक्क तो व्यक्तीला देतो. खतावणीतले एक खाते फाडता येते. मधली नोंद कधीच खोडायची नाही या तत्त्वावर लिहिलेल्या कीर्दीतून एका माणसाच्या नोंदी कशा काढणार? यावर दोन मार्ग वापरले जातात. एकात प्रत्येक व्यक्तीचा मजकूर तिच्या स्वतंत्र कूटकिल्लीने बंद करून लिहितात आणि मागणी आली की ती किल्लीच नष्ट करतात. नोंदी राहतात, पण कोणालाच वाचता येत नाहीत. दुसरा मार्ग जुन्या नोंदी गाळण्याच्या सोयीतून जातो. त्या व्यक्तीच्या किल्लीवर एक रिकामी नोंद लिहायची. पुढच्या सफाईत तिच्या आधीच्या सगळ्या नोंदी गळून पडतात आणि काही काळ ती रिकामी नोंद तेवढी उरते, मागून येणाऱ्या वाचकांना येथे कोणी होते आणि आता नाही हे कळावे म्हणून. काफ्काच्या परिभाषेत तिला थडग्याचा दगड म्हणतात. मुदत बदलली नसेल, तर सफाईनंतर २४ तासांनी तोही पुसला जाण्यास मोकळा होतो.